उजव्या स्पीकरमधली कुजबुज

कान माझे आणि हात त्याचे, एवढ्यावर आमचं दुकान तीस वर्षं चाललं. पाटीवर मात्र नाव एकट्याचं: आतिलियो बेर्तोने, रेडिओ आणि स्टिरिओ दुरुस्ती. बायकोचं नाव पाटीवर घालायची रीत अर्जेंटिनात, आमच्या रोसारियोत तेव्हा नव्हती, आणि मीही कधी हट्ट धरला नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळत होतं. गिऱ्हाइकाचं मशीन आतिलियो उघडायचा, मी समोर स्टूल ओढून डोळे मिटून बसायची. कुठे खरखर आहे, कुठे आवाज नाकातून येतोय, ते मी सांगायची. मग तो सोल्डर मारायचा, आणि गिऱ्हाईक त्याचीच पाठ थोपटून जायचं.

लोकांना वाटतं दोन स्पीकर लावले की झालं स्टिरिओ. डोंबल. डावीकडच्याने डावीकडचंच बोलायचं आणि उजवीकडच्याने उजवीकडचं, यातच सगळी गंमत असते. एकाचं दुसऱ्यात झिरपायला लागलं की व्हायोलिन पेटीवाल्याच्या मांडीवर येऊन बसतं आणि गाण्याचा काला होतो. ते तपासायची माझी रीत साधी होती. जो स्पीकर गातोय त्याची वायर काढून टाकायची, आणि ज्याने गप्प बसायला हवं त्याचा आवाज पूर्ण वाढवायचा. चांगलं मशीन असेल तर नुसती सूं ऐकू येते. वाईट असेल तर आख्खं घर ऐकू येतं.

सत्त्याहत्तर साली, लष्कराच्या राजवटीत, जूनच्या थंडीत एका सोमवारी सकाळी तो माणूस आला. आतिलियो तेव्हा चर्चमधला माईक बघायला गेला होता, दुकानात मी एकटीच माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसले होते. पन्नाशीच्या आतला असेल. राखाडी ओव्हरकोट, बूट असे पुसलेले की माझ्या फरशीची मलाच लाज वाटली. त्याने फितीचं मोठं रेकॉर्डर स्वतः उचलून टेबलावर ठेवलं, वर फितीचं एक चाक.

"घरात भूत शिरलंय, सेन्योरा," तो म्हणाला. "असं माझी बायको म्हणते."

"भुतांचं आम्ही बघत नाही, साहेब. चर्च दोन गल्ल्या पुढे आहे."

तो मनापासून हसला. हसणं चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. त्याच्या बायकोने रेडिओवरून बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं, उतरवून घेतले होते. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कोणीतरी पुटपुटतं, तेही फक्त उजव्या स्पीकरमधून. सासूबाईंचं तर मत पडलं होतं की सैतान लॅटिनमध्ये बोलतोय.

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"मी घरी कमी असतो."

"बरं, हे कधीपासून होतंय ते नीट सांगा. मशीन पडलं होतं का? कोणी उघडलं होतं का?"

"सांगतो की," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "पहिल्यापासून घेऊ, शांतपणे."

मग त्याने सगळं सांगितलं. घर बदलताना मशीन ट्रकमध्ये आडवं पडलं होतं. फीत कामाच्या जागेहून आणली होती, वापरलेली, म्हणजे एका बाजूला काहीतरी भरलेलं असेल, पण दुसरी बाजू कोरी होती. नाव विचारलं तेव्हा किंचित थांबला आणि म्हणाला, रिवास लिहा. गुरुवारी चारला येतो. जाताना पाटीकडे मान वर करून बघत उभा राहिला, आणि मला उगीचच वाटलं की आतिलियो घरी नाही ते बरं झालं.

फितीचं असं असतं. बोटाएवढी रुंदसुद्धा नाही, पण तिच्यावर चार पट्ट्या असतात. दोन जाताना वाजतात, आणि चाक उलटून लावलं की उरलेल्या दोन येताना वाजतात. एकमेकींना खेटून, चाळीतल्या खोल्यांसारख्या. मशीनमधलं फीत वाचणारं डोकं केसभर जरी खाली सरकलं तरी शेजारच्या खोलीतलं ऐकू येतं, आणि ते येतं उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे. म्हणून सासूबाईंना लॅटिन वाटलं. हे मी फीत न लावताच सांगितलं असतं. पण शेजारची कुठली पट्टी झिरपतेय ते बघायचं तर चाक उलटून लावावंच लागतं. जगातला कोणीही कारागीर हेच करेल, आणि हे त्या माणसाला ठाऊक असणार, हा विचार मला फार उशिरा सुचला.

मी चाक उलटलं.

आधी खुर्ची सरकली. मग टाइपरायटर. मग तोच आवाज, अर्ध्या तासापूर्वी माझ्या टेबलाशी बसलेला, तितकाच गोड: "पहिल्यापासून घेऊ, शांतपणे."

आणि मग दुसरा आवाज, ओठ सुजल्यावर येतो तसा जाड. तरी मी ओळखला. माझे कान आहेत ते. तो एलिसेओ होता, जवळच्या सान लोरेन्सो गावचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. दोन वर्षं दर शनिवारी दुकानात यायचा, आतिलियोशी तासन्‌तास ट्रान्झिस्टरवर वाद घालायचा आणि माझ्या बिस्किटांचा डबा रिकामा करून जायचा. मार्चमध्ये त्याला खोलीवरून उचलून नेलं. त्यानंतर कोणालाच काही कळलं नव्हतं, त्याच्या आईलासुद्धा. ती दर महिन्याला बसने येऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती.

त्याच्याकडे एक छोटा अॅम्प्लिफायर सापडला होता. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, पेटीत मावणारा. कारखान्याच्या फाटकाशी लपवून ठेवायचा आणि पाळी सुटली की तीन मिनिटं त्याने बोलायचं, पोलीस येईपर्यंत. तो आतिलियोने बनवला होता. कशासाठी ते त्याने विचारलं नाही आणि पोराने सांगितलं नाही, पण आम्ही काही दूधखुळे नव्हतो.

"हे कोणी बनवलं?" तो आवाज विचारत होता.

"एका म्हाताऱ्याने. स्टेशनच्या बाजूला कुठेतरी दुकान होतं त्याचं."

"नाव?"

"आम्ही म्हातारा म्हणायचो. तो वारला, साहेब. गेल्या ऑगस्टमध्ये. हार्टने."

मग जे आवाज आले ते मी सांगणार नाही. कधीच कोणाला सांगितले नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून, शांतपणे, तेच प्रश्न. पुन्हा पोराचं तेच उत्तर. म्हातारा वारला, ऑगस्टमध्ये, हार्टने. चार वेळा. पाचव्यांदा प्रश्न आला, पोराने श्वास घेतला आणि फीत संपली. मोकळं टोक फटफट करत फिरत राहिलं, आणि ते थांबवायला माझा हात उठेना.

म्हणजे त्याने पाचव्यांदा काय सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं.

आतिलियो अकराला आला. मी दाराची कडी लावली आणि त्याला सगळं सांगितलं. त्याला फीत ऐकायची होती. मी नाही म्हटलं. त्याने ऐकलीच. दोन मिनिटांत बंद केली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आज दुपारची बस आहे उत्तरेला, चाकोला," मी म्हटलं. "तुझ्या मावसभावाकडे जा. तिथून नदी ओलांडून देशाबाहेर पड."

"पोरगा तिथे आणि मी पळू?"

"पळू नको, जाड्या. मर. पोराने चार वेळा मार खाऊन तुला मारलंय, आता तू नीट मेलेला राहा. मेलेल्या माणसाने दुकानात बसून सोल्डर मारायचं नसतं."

"आणि तू?"

"मी विधवा. विधवेकडून त्याला काय मिळणार आहे?"

"तोंड बघ तुझं, विधवा म्हणे," तो म्हणाला, आणि रडायला लागला. तीस वर्षांचा संसार, त्याला रडताना मी एकदाच पाहिलं होतं, आणि ते त्याच्या आईच्या वेळी.

"पण म्हातारे, हा सापळा असेल तर? तो मुद्दाम एकेका दुकानात हे मशीन देत फिरत असेल, कोण चाक उलटतं ते बघायला?"

"असेल. नाहीतर खरंच त्याच्या बायकोला भूत दिसत असेल. दोन्हीकडून तुला जायचंच आहे."

मला आजही ठाऊक नाही दोहोंतलं काय खरं होतं. एवढं ठाऊक आहे की दुपारी दोनची बस होती, आणि माझा नवरा साडेबारापर्यंत त्या माणसाचं मशीन उघडून बसला होता. मी त्याची बॅग भरतेय, शिव्या देतेय, आणि हा भिंगातून डोक्याचा स्क्रू केसाकेसाने फिरवतोय.

"अरे सोड ते. कोणासाठी करतोयस?"

"अर्धं काम टाकून मी कधी उठलेलो नाही. आणि दुरुस्त नाही झालं तर तो परत येईल. पुन्हा पुन्हा येईल. नीट झालं तर घेऊन जाईल."

ते बरोबर होतं. काम असं झालं की मी डावी वायर काढून उजवा स्पीकर पूर्ण वाढवला तर नुसती सूं. पोरगा गेला. भिंतीपलीकडे एकदाचा बंद झाला. मला ते इतकं लागलं की मी स्टुलावरून उठून मागच्या अंगणात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आतिलियो मागच्या दाराने गेला. जाताना काय बोलला ते माझं मी ठेवलंय.

आता गल्लीचा प्रश्न होता. ज्या माणसाला लोकांनी काल पाव आणताना पाहिलं, तो गेल्या ऑगस्टमध्ये मेला कसा? मंगळवारी सकाळी मी शेजारच्या बेकरीत गेले. फेर्मिन भट्टीतून ट्रे काढत होता. मी म्हटलं, "फेर्मिन, आतिलियो वारला. गेल्या ऑगस्टमध्ये."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ट्रे खाली ठेवला. हात पुसले.

"हो," तो म्हणाला. "पाऊस होता त्या दिवशी. मीच खांदा दिला."

एवढंच. का, कशाला, काही नाही. त्या वर्षी आमच्याकडे लोक असे झाले होते. एकमेकांना प्रश्न विचारायचे नाहीत, ही चुगलखोरांपासून वाचायची रीत होती, आणि तीच माया दाखवायचीही. त्याने समोरच्या शिंप्याला सांगितलं, शिंप्याने लॉटरीवाल्या बाईला. बुधवारपर्यंत आमच्या गल्लीने माझ्या नवऱ्याला पुरून त्याच्यावर माती लोटली होती. पण तेवढी तोंडं म्हणजे तेवढ्या फटी, आणि त्यातलं एखादं सैल सुटेल या धास्तीने मी दोन दिवस काही खाल्लं नाही.

घरही आवरलं. त्याचा चष्मा, दाढीचं सामान, चपला, खुंटीवरचा कोट, सगळं भट्टीच्या मागे फेर्मिनच्या कोळशाखाली. मातेची वाटी एकच ठेवली. काळा ब्लाउज इस्त्री केला. शंभर वेळा फिरून बघितलं, काही राहिलं नाही.

गुरुवारी चारला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, तो आला. हातात बेकरीचा पुडा.

"शेजारी म्हणाले, विधवाबाईंचं दुकान ना, उघडं आहे," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. त्या दिवशी उगाच चेष्टा केली मी. क्षमा करा."

"तुम्हाला कसं माहीत असणार."

"पाटीवरचे ते तुमचे यजमान?"

"हो."

"कधी गेले?"

"ऑगस्टमध्ये. हृदय बंद पडलं."

 पुड्याची दोरी सोडून त्याने एक गोड पाव माझ्यापुढे केला आणि एक स्वतः खाल्ला. मग म्हणाला, "ऐकवा."

मी फीत लावली. बायकोचा बोलेरो दोन्हीकडून सुंदर वाजत होता. तो ऐकत राहिला, मग स्वतः उठला आणि डाव्या स्पीकरची वायर काढली. न सांगता. उजव्याचा आवाज पूर्ण वाढवला आणि स्टुलावर बसून डोळे मिटले. माझ्या स्टुलावर, माझ्यासारखा. गाणं संपलं. सूं. मी त्याच्या पापण्या बघत होते.

आणि तेवढ्यात मला ती चिठ्ठी दिसली.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनला आम्ही सुतळीने एक जाड कागदाची चिठ्ठी बांधायचो. गिऱ्हाइकाचं नाव, काय बिघडलंय, काय केलं, तारीख. मी सांगायची, आतिलियो लिहायचा. त्या माणसाच्या डोक्यामागे फळीवर अकरा मशीनं होती, अकरा चिठ्ठ्या लोंबत होत्या, सगळ्या माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या अक्षरात, आणि सगळ्यांवर जून महिना. चपला लपवल्या, दाढीचा ब्रश लपवला, आणि हे तीस वर्षं रोज डोळ्यासमोर होतं म्हणून दिसलंच नाही.  मी टेबलाला धरून उभी राहिले.

त्याने डोळे उघडले. "अप्रतिम," तो म्हणाला. "एक थेंब इकडचा तिकडे नाही. कोणी केलं हे?"

"मी. दुसरं कोण आहे?"

"आणि काय बोलत होता तो? आमचा सैतान?"

"उलटं येतं ते, साहेब. रशियन म्हणा की लॅटिन म्हणा."

"चाक उलटून नाही बघितलंत?"

हाच तो प्रश्न. हो म्हणावं तर ऐकलं. नाही म्हणावं तर खोटं, आणि तेही त्याला कळण्यासारखं. मला राग आला, देवाशपथ सांगते, भीतीपेक्षा राग मोठा झाला. तोच कामी आला.

"साहेब, तीस वर्षं हे काम करतेय. डोकं खाली बसलंय हे ऐकायला मला चाक उलटावं लागत नाही. ते काल शिकलेल्या पोरांनी करायचं. तुम्हाला माझ्या कामाची शंका असेल तर मध्यवर्ती चौकात मोठी दुकानं आहेत, काचेच्या दारांची. जा तिकडे."

तो पुन्हा हसला. उठला, कोट झटकला, आणि फळीकडे वळला. एक चिठ्ठी बोटांत धरून त्याने वाचली. सावकाश, खालपर्यंत.

"सुंदर अक्षर आहे," तो म्हणाला. "तुमचं?"

"माझंच."

"मग माझ्या मशीनलाही एक लिहून द्या. काय बिघडलं होतं, काय केलंत. बायकोला दाखवतो, म्हणजे भुताचं मिटेल."

तीस वर्षं तो माझ्याशेजारी बसून लिहीत होता, आणि मी बोलता बोलता त्याच्या बोटांकडे बघायची. तेवढ्या आठवणीवर मी पेन धरलं. रिवास. डोकं खाली सरकलेलं. उंची जुळवून पक्की केली. ओळ किंचित वर चढत जायची त्याची, ती मी चढवली. शेवटची रेघ लांब ओढायचा, ती ओढली. माझ्या मानेवरून घाम उतरत होता आणि बाहेर जूनची थंडी होती.

त्याने चिठ्ठी घेतली. मला वाटलं आता फळीवरच्या चिठ्ठीशेजारी धरेल. त्याने ती न बघता घडी घालून वरच्या खिशात ठेवली. नंतर घरी जाऊन बघितली का, काय बघितलं, हे मला कधीच कळलं नाही.

मशीन उचलून तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"ऑगस्ट म्हणालात ना?"

"ऑगस्ट."

"एक पोरगा मला हेच सांगायचा. स्टेशनच्या बाजूचा रेडिओवाला, ऑगस्टमध्ये गेला म्हणून. मी विश्वास ठेवला नाही." त्याने मशीन एका हातावरून दुसऱ्यावर घेतलं. "खरं बोलत होता बिचारा."

माझ्या चेहऱ्याकडे बघत होता तो. दुकानदार बाईने अशा वेळी काय विचारावं, तेच मी विचारलं.

"कोण पोरगा?"

"होता एक," तो म्हणाला, आणि गेला.

होता. मी दार लावलं नाही, लावता येत नव्हतं. सहा वाजेपर्यंत मी त्याच जागी बसून गिऱ्हाइकांना या, बसा म्हणत राहिले. पोरगा पाचव्यांदाही तेच बोलला होता. आणि त्यानंतरही, किती वेळा कोण जाणे. तो एवढं करून मेला आणि त्याचं खोटं मी तीन दिवसांत खरं करून दाखवलं, त्याला मारणाऱ्याच्याच समोर, त्याच्याच हातचा गोड पाव चावत.

पुढच्या सोमवारपासून समोर एक हिरवी मोटार उभी राहायला लागली. आत दोघं जण, वर्तमानपत्र वाचत. ते आमच्यासाठी होते की लॉटरीवाल्या बाईच्या भाच्यासाठी, कोणी विचारलं नाही. चाकोहून मावसभावाचा निरोप आला, नदी ओलांडली म्हणून. मी तो कागद चुलीत घातला.

त्याच आठवड्यात डेल्फिनाबाई आली, आमच्या भाषेत दोन्या डेल्फिना. एलिसेओची आई. सान लोरेन्सोहून पहाटेची बस धरून आलेली, दोन कचेऱ्या करून, पायात सुजलेले बूट. आतिलियोला तिने एकदाच पाहिलं होतं, पण पोराच्या तोंडून रोज ऐकलं होतं. तिला वाटलं होतं, त्याची ओळखपाळख असेल, तो कोणाला तरी विचारेल.

"आतिलियोसाहेब आहेत का?" तिने दारातूनच विचारलं.

समोर मोटारीची काच उघडी होती.

"या, दोन्या डेल्फिना. बसा," मी म्हटलं. "ते वारले. गेल्या ऑगस्टमध्ये."

ती उभीच राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"ऑगस्ट? आणि हा मला बोलला नाही? सप्टेंबरात घरी होता तो, माझ्या वाढदिवसाला. काय बाई तरी पोरं असतात. एवढा माणूस गेला आणि घरी सांगायचं नाही? मी आले असते हो मातीला." ती खरंच चिडली होती त्याच्यावर. "येऊ दे घरी, बघते त्याला."

"त्याला बोलवलं नसेल," मी म्हटलं.

"हो, तसा आतल्या गाठीचाच आहे. फार जीव होता त्याचा यांच्यावर."

तिला सांगावं असं मला वाटलं नाही असं समजू नका. जीभ दातांपर्यंत आली होती. पण तिला सांगितलं तर ती उद्याच त्या कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटणार, आणि तिथला कोणीतरी शांतपणे विचारणार की हे तुम्हाला कोणी सांगितलं, सेन्योरा. आई आहे ती, तिने विचारलंच पाहिजे होतं सगळ्यांना. आणि तिने विचारलं असतं तर पोरगा फुकट मेला असता.

तिने पिशवीतून फळाचा गोड लगदा भरलेल्या वड्यांचा डबा काढला. त्या वड्या एलिसेओसाठी केल्या असणार, आज दाखवतील, आज भेटू देतील म्हणून दर खेपेला करून आणत असणार. त्यातल्या दोन काढून तिने माझ्या हातात ठेवल्या.

"खा काहीतरी. किती उतरलात. एकटीने दुकान ओढणं सोपं नाही." मग माझ्याशेजारी बसून तिने माझा हात धरला. "तुमचं बरं आहे असं मी म्हणत नाही, इर्मा. पण तुम्हाला निदान ठाऊक तरी आहे. कुठे आहे ते ठाऊक आहे, फुलं घेऊन जाता येतं."

मला ठाऊक होतं. तिला जे हवं होतं तेवढंच मला ठाऊक होतं.

मी रडले. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, तोंडात वडी तशीच, आवाज काढून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली, "रडा, रडा, मोकळ्या व्हा. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही, देवाची कृपा."